एका नावाखालच्या अनेक व्याधी

कोणी हाक मारलेली नसताना हाका ऐकू येऊ लागाव्यात, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या रंगांतून आपल्याविरुद्ध शिजणाऱ्या कटाचा इशारा मिळावा, आणि कालपरवापर्यंत अभ्यासात व मित्रमंडळीत रमणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाने खोलीचे दार लावून घेऊन स्वतःशीच पुटपुटत बसावे, असा प्रसंग ज्या घरावर ओढवतो, त्या घरातील माणसांचे पहिले कित्येक महिने अंगारे-धुपारे, नवस आणि चारचौघांपासून लपवालपव यांतच खर्ची पडतात, हे आपल्याकडे अजूनही सर्रास घडते. ती माणसे अखेर मनोविकारतज्ज्ञाकडे येतात तेव्हा त्यांची अपेक्षा साधीच असते: मधुमेहात रक्तातली साखर मोजतात, क्षयात थुंकी तपासतात, तसे काहीतरी तपासून डॉक्टरांनी रोगाचे नाव कागदावर लिहून द्यावे. डॉक्टर रक्त तपासतात, प्रसंगी मेंदूचा एमआरआयही काढायला सांगतात. परंतु ते बहुधा दुसरा एखादा रोग तर नाही ना, एवढे पाहण्यापुरतेच. स्किझोफ्रेनियाचे निदान आजही रुग्णाची जबानी, नातेवाइकांची कैफियत आणि डॉक्टरांचे निरीक्षण एवढ्याच पुराव्यावर केले जाते.

याचा दोष डॉक्टरांकडे जात नाही. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने प्रत्येक रुग्णाच्या नावाचे कार्ड करून त्यावर वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि १८९९ साली, आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत, चित्तभ्रमाच्या रुग्णांची दोन मोठ्या वर्गांत विभागणी केली: ज्यांची बुद्धी आणि भावना उत्तरोत्तर खालावत जातात ते एका वर्गात, आणि ज्यांना उन्मादाचे व विषण्णतेचे झटके येतात, पण मधल्या काळात जे पूर्ववत होतात ते दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गाला पुढे १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस वैद्याने स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. ही विभागणी इतकी चिकाटीने केलेली होती की शतकाहून अधिक काळ ती टिकून राहिली. परंतु तिचा आधार लक्षणे आणि त्यांचा क्रम हाच होता, कारण नव्हे. तापाचेही पूर्वी असेच वर्गीकरण होत असे: एक दिवसाआड येणारा, चौथ्या दिवशी येणारा, अखंड राहणारा. सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे परजीवी आणि विषमज्वराचे जंतू दिसू लागले तेव्हा कळून चुकले की ताप हा एक रोग नव्हे. अनेक निरनिराळ्या रोगांनी शरीराकडून घेतलेले ते एकच उत्तर आहे, आणि ज्या औषधाने एक ताप उतरतो त्याने दुसरा उतरेलच असे नाही. चित्तभ्रमाची गत याहून फारशी वेगळी नसावी, असे मानायला आज सबळ पुरावा आहे. जनुकशास्त्र आणि जैविक खुणांचा अभ्यास यांचे खरे मोल मला याच कामात दिसते: या एका नावाच्या गर्दीतून निश्चित कारणाची एकेक व्याधी वेगळी काढायची आणि तिच्यापुरता निश्चित उपाय करायचा. सर्वच रुग्णांचे निदान आणि भवितव्य सांगणारी एकच सर्वसमावेशक कसोटी लवकरच हाती येईल, ही आशा मात्र मला आजच्या पुराव्यावर टिकणारी वाटत नाही.

हे काम पूर्वी एकदा पुरतेपणी यशस्वी झालेले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत असे पुरुष मोठ्या संख्येने असत, की ज्यांना ऐन उमेदीच्या वयात एकाएकी आपण सम्राट आहोत, अगणित संपत्तीचे धनी आहोत असा भ्रम होई, मग जीभ अडखळू लागे, हात कापू लागत, चाल बिघडे, आणि काही वर्षांत अंगावरून वारे जाऊन ते मरण पावत. आंत्वान बेल या तरुण फ्रेंच वैद्याने १८२२ सालीच शवविच्छेदनाच्या आधारे अशा रुग्णांच्या मेंदूची आवरणे सुजलेली असल्याचे दाखवले होते. तरीही अतिश्रम, मद्यपान, अनाचार, दुर्बल कुळ अशा कारणांची चर्चा पुढे अनेक दशके चालूच राहिली. १९०६ साली वासरमान यांची उपदंशाची रक्तपरीक्षा आली आणि संशय त्या दिशेने बळावला. १९१३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञाने मूर या सहकाऱ्यासह या रोगाने मेलेल्या माणसांच्या मेंदूत उपदंशाचे मळसूत्री जंतू प्रत्यक्ष दाखवून दिले, आणि शंभर वर्षांच्या वादाचा निवाडा झाला. १९१७ साली व्हिएन्नाच्या यूलिउस वाग्नर-यौरेग याने अशा रुग्णांना मुद्दाम हिवताप टोचून त्या तापाने जंतू मारण्याचा धाडसी उपाय केला, त्याबद्दल त्याला १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन आल्यावर हा एके काळचा भयंकर रोग वेड्यांच्या इस्पितळांतून जवळजवळ नाहीसाच झाला.

या हकिकतीतील एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. एखाद्या वेडाचे कारण सापडले की ते वेड मनोविकारशास्त्राच्या दप्तरातून काढून दुसऱ्या खात्याकडे वर्ग केले जाते. आणि त्यामुळे मनोविकारशास्त्राच्या दप्तरात उरतात ते सारे रोग नेहमीच अनाकलनीय भासतात. आपल्या अज्ञानाचे खापर आपण रोगाच्या माथी मारतो आणि पुष्कळदा रुग्णाच्याही.

अगदी अलीकडे हाच इतिहास पुन्हा घडला. २००७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे मज्जाविकारतज्ज्ञ जोसेप डालमाउ आणि त्यांचे सहकारी यांनी अशा बारा स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्यांना आधी संशय, भास, बेफामपणा अशी वेडाची लक्षणे झाली आणि मग झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, शुद्ध हरपणे असे प्रकार सुरू झाले. बहुतेकींच्या बीजाशयात एक गाठ होती, आणि सर्वांच्या शरीरात मेंदूतील एका विशिष्ट ग्राहीवर, म्हणजे रासायनिक निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनावर, हल्ला करणारी प्रतिपिंडे तयार झाली होती. त्या ग्राहीचे नाव एनएमडीए. अशा काही गाठींत मज्जातंतूंसारखेच ऊतक असते. शरीराचे रक्षक दल त्या गाठीविरुद्ध म्हणून जी शस्त्रे तयार करते तीच मेंदूवर जाऊन आदळतात आणि पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राही आत ओढले जाऊन नाहीसे होतात. दोन वर्षांनी, २००९ साली, सुझाना कहालन या न्यूयॉर्कमधील चोवीस वर्षांच्या पत्रकार तरुणीला हाच रोग झाला. वडील आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे तिला वाटू लागले, झटके आले, इस्पितळात ठेवावे लागले, आणि लाखो डॉलर खर्चून केलेल्या तपासण्यांतून काहीच उलगडेना. तेव्हा सुहेल नज्जार या सीरियातून आलेल्या डॉक्टरांनी तिच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली आणि घड्याळाची तबकडी काढायला सांगितली. तिने गोल काढला आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे त्याच्या उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने भरले. डावी बाजू कोरी राहिली. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात दाह असल्याची ती खूण होती. पुढच्या तपासणीत प्रतिपिंडे सापडली, दाह शमवणारी व प्रतिपिंडे काढून टाकणारी चिकित्सा झाली, आणि तिने पुढे २०१२ साली आपल्या आजारावर पुस्तक लिहिले. वेळेवर उपचार झाले तर या रोगातील सुमारे पाचपैकी चार रुग्ण दोन वर्षांत चांगले सुधारतात. ओळख पटली नाही तर असा रुग्ण वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात पडून राहू शकतो किंवा दगावतो.

हा एनएमडीए ग्राही वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण या विषयात तो वेगवेगळ्या वाटांनी पुन्हापुन्हा समोर येतो. १९५० नंतरच्या दशकात फेनसायक्लिडीन नावाचे एक भुलीचे औषध वापरात आले आणि शुद्धीवर येताना रुग्णांना भास व भ्रम होतात असे दिसल्याने ते सोडून द्यावे लागले. ते औषध याच ग्राहीचे काम बंद पाडते, आणि त्याचेच सौम्य भावंड असलेले केटामाइनही. म्हणजे औषधाने हा ग्राही बंद पडला तरी माणूस भ्रमिष्ट होतो, आणि प्रतिपिंडांनी तो नाहीसा केला तरी होतो. मग जन्मतः ज्याच्या जनुकांत या ग्राहीची रचनाच सदोष असेल त्याचे काय, हा प्रश्न ओघानेच येतो. परंतु त्याचे उत्तर मिळायला जनुकशास्त्राला फार लांबचा आणि काही ठिकाणी फार काळोखा पल्ला गाठावा लागला.

स्किझोफ्रेनिया कुटुंबात उतरतो हे जुने निरीक्षण आहे. तो रक्तातून उतरतो की संगोपनातून, हा खरा वाद होता. आई थंड आणि दुटप्पी वागते म्हणून मूल भ्रमिष्ट होते, असे सांगणारे पंडित विसाव्या शतकाच्या मध्यावर पुष्कळ होते, आणि त्यांच्या त्या सिद्धांताने किती निरपराध आयांना आयुष्यभर जाळले असेल याचा हिशेब कोणाजवळही नाही. १९६६ साली लिओनार्ड हेस्टन या अमेरिकन डॉक्टरने ओरेगॉन राज्यातील अशा ४७ व्यक्तींचा शोध घेतला, ज्यांच्या मातांना स्किझोफ्रेनिया होता आणि ज्यांना जन्मानंतर तीन दिवसांच्या आत मातेपासून वेगळे करून अन्यत्र वाढवलेले होते. त्यांच्यापैकी पाच जणांना स्किझोफ्रेनिया झालेला आढळला. तशाच रीतीने वाढलेल्या, पण मातांना हा रोग नसलेल्या ५० जणांत एकालाही नाही. मातेच्या वागणुकीवरचा आरोप या एका अभ्यासाने फेटाळला गेला, असे म्हणायला हरकत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनीही हेच दाखवले, परंतु त्यांनी दुसरी बाजूही पुढे आणली: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील मोठ्या अभ्यासात, एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे जवळजवळ समान जनुके असलेल्या जुळ्यांपैकी एकाला रोग असताना दुसऱ्यालाही तो झाल्याचे प्रमाण शेकडा ३३ होते, तर भिन्नबीज जुळ्यांत ते शेकडा ७ होते. जनुकांचा वाटा मोठा आहे हे यातून सिद्ध होते; परंतु जनुके समान असतानाही तीनपैकी दोन भावंडे सुटतात, हेही तितकेच सिद्ध होते.

ही दुसरी बाजू ज्यांनी पाहिली नाही त्यांच्या हातून काय घडले ते इथे सांगणे मला कर्तव्य वाटते. म्युनिकच्या एर्न्स्ट र्‍यूडिन याने १९१६ साली स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या भावंडांचा पद्धतशीर अभ्यास केला. मनोविकारांच्या अनुवंशविद्येचा तो एक संस्थापकच. पुढे १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा जो कायदा केला, त्याचे भाष्य लिहिणाऱ्यांत हाच र्‍यूडिन होता. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची शस्त्रक्रिया झाली, आणि १९३९ नंतर तर मनोरुग्णांना वायूच्या कोठड्यांत कोंडून मारण्याचा सरकारी बंदोबस्त झाला. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणसे अशी मारली गेली. एवढ्या क्रौर्यानंतर जर्मनीत स्किझोफ्रेनिया उरायलाच नको होता, पण युद्धानंतरच्या पाहण्यांत नव्या रुग्णांचे प्रमाण घटलेले दिसले नाही. दुष्ट कृत्याचे शास्त्रही खोटे होते.

ते खोटे का होते याचे उत्तर एकविसाव्या शतकात मिळाले. मनुष्याच्या जनुकसंहितेत सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. त्यांत माणसामाणसांत जी लक्षावधी ठिकाणी एकेका अक्षराची तफावत असते, ती हजारो रुग्ण व हजारो निरोगी माणसे यांच्यात ताडून पाहण्याचे तंत्र उपलब्ध झाले, आणि अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी आपापली दप्तरे एकत्र केली. २०१४ साली सुमारे ३७ हजार रुग्णांच्या तपासणीतून स्किझोफ्रेनियाशी निगडित अशी १०८ स्थाने सापडली. २०२२ साली ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ निरोगी माणसे यांच्या तुलनेतून ही संख्या २८७ वर गेली. यांतील एकेका स्थानाचा प्रभाव इतका अल्प, की एकट्याने त्याच्याने कोणीही आजारी पडत नाही. यांपैकी कित्येक अक्षरे आपणा सर्वांच्या शरीरात विखुरलेली आहेत: रोगी आणि निरोगी अशा दोन जाती निसर्गाने केलेल्याच नाहीत, आणि म्हणून रोग्यांना नाहीसे करून रोग नाहीसा करण्याची कल्पना मुळातच असत्य होती.

या २८७ पैकी एका स्थानाची कथा विशेष मोलाची आहे. सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांच्या वस्तीत, रोगाशी निगडित अशी सर्वांत ठळक खूण वर्षानुवर्षे दिसत होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. २०१६ साली हार्वर्डच्या स्टीव्हन मॅकॅरॉल आणि बेथ स्टीव्हन्स यांच्या चमूंनी दाखवले की ती खूण बऱ्याच अंशी सी-फोर नावाच्या जनुकाची आहे. शरीरात हे प्रथिन जंतूंवर डाग घालते, जेणेकरून भक्षक पेशींनी ते ओळखून गिळावेत; मेंदूत मात्र तेच, वयात येण्याच्या काळात अनावश्यक मज्जासंधी छाटून टाकण्याच्या कामी लागते. ही छाटणी सर्वांचीच होते आणि व्हायलाही हवी. परंतु ज्यांच्यात हे प्रथिन अधिक बनते त्यांच्यात ती प्रमाणाबाहेर होत असावी, असा या संशोधनाचा रोख आहे. अतिरेकी छाटणीची कल्पना अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ सालीच मांडली होती, आणि हा रोग नेमका सोळा ते पंचविसाच्या दरम्यान का उद्भवतो याचा थोडाफार उलगडा तीतून होतो. तथापि या जनुकाच्या सर्वांत घातक रूपानेही धोका जेमतेम पाव हिश्शाने वाढतो, म्हणजे शंभरात एकाचा सव्वा होतो. अशा सर्व स्थानांची बेरीज करून माणसागणिक एक गुणांक काढता येतो, आणि संशोधनात त्याचा मोठा उपयोगही आहे. परंतु समोर बसलेल्या एका माणसाला हा रोग होईल की नाही हे त्या गुणांकावरून सांगणे आज कोणालाही शक्य नाही.

उपचाराच्या दृष्टीने आज खरे उपयोगी पडते ते जनुकांतले दुर्मीळ पण मोठे दोष. बाविसाव्या गुणसूत्रावरचा सुमारे तीस लक्ष अक्षरांचा एक तुकडा काही मुलांत जन्मतःच गळालेला असतो. साधारण चार हजार जन्मांमागे एकात हे आढळते, आणि दहापैकी नऊ वेळा आईवडिलांत तो दोष नसतोच, तो त्या मुलातच प्रथम उद्भवतो. अशा मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मोठेपणी चित्तभ्रमाने आजारी पडतात. आता मनोविकारतज्ज्ञापुढे एकोणीस वर्षांची एखादी मुलगी बसली आहे असे समजा: तिला आवाज ऐकू येतात, ती नाकात बोलते, तिच्या छातीवर लहानपणीच्या हृदयशस्त्रक्रियेचा व्रण आहे, गणितात ती नेहमी मागे राहिली, आणि दोनदा तिला झटके येऊन गेले आहेत. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिचा फारसा अर्थ नाही. एकत्र घेतल्या तर हा गळालेला तुकडा शोधण्याची तपासणी तिच्या बाबतीत लगेच व्हायला हवी. तो सापडला तर रक्तातील कॅल्शियम मोजले जाते, कारण या व्याधीत ते घटते आणि झटके व अस्वस्थता पुष्कळदा त्याच्यापायी असतात. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व देऊन ते सावरता येते. झटक्यांचा संभव ध्यानी घेऊन औषधांची मात्रा हळू वाढवली जाते. आणि पुढे तिला मूल व्हायचे झाल्यास प्रत्येक खेपेला हा दोष मुलात उतरण्याची शक्यता निम्मी आहे हे तिला आधीच सांगता येते. स्किझोफ्रेनियाच्या शंभर रुग्णांत असा रुग्ण एखादाही निघणार नाही. पण जो निघेल त्याच्यापुरता सगळा उपचारच बदलतो.

आता तो एनएमडीए ग्राही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, २४ हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासणीत अशी दहा जनुके निश्चित झाली, ज्यांतील दुर्मीळ विध्वंसक दोषांनी रोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. त्यांतील एक जनुक याच ग्राहीचा एक भाग घडवणारे आहे. हा ग्राही उघडायला ग्लायसीन नावाच्या साध्या अमिनो आम्लाचीही साथ लागते. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन इस्पितळातील संशोधकांना एक आई व मुलगा असे दोन रुग्ण आढळले, ज्यांच्यात ग्लायसीनचे विघटन करणाऱ्या जनुकाच्या नेहमीच्या दोन प्रतींऐवजी चार प्रती होत्या. ग्लायसीन भराभर खर्ची पडत असावे, असा तर्क करून त्यांनी चालू औषधांच्या जोडीला ते बाहेरून पुरवले आणि दोघांची लक्षणे कमी झाली. हेच ग्लायसीन पूर्वी सरसकट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले होते आणि त्याचे निष्कर्ष संमिश्र निघाले होते. दोन माणसांवरून नियम करता येत नाही, हे मान्यच आहे. परंतु ज्याच्यात उणीव आहे त्यालाच ते देऊन पाहावे, ही दृष्टी मला या शास्त्रातील अलीकडची सर्वांत आशादायक गोष्ट वाटते.

औषधयोजनेतही माणसामाणसांतील फरक ओळखण्याचे काम चालू आहे, आणि तिथे क्लोझापीन या औषधाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे रुग्ण सुमारे एक तृतीयांश असतात, आणि त्यांच्यासाठी याच्या तोडीचे औषध आजही दुसरे नाही. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन काही रुग्ण दगावले आणि अनेक देशांत ते मागे घेण्यात आले. १९८८ साली जॉन केन यांनी सर्वांत चिवट रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत याने शेकडा ३० सुधारले, तर जुन्या औषधाने शेकडा ४. तेव्हा नियमित रक्त तपासण्याच्या अटीवर ते परत आले. ही रक्ततपासणी म्हणजेच मनोविकारशास्त्रातील सर्वांत कामसू जैविक खूण होय. रक्तातील औषधाचे प्रमाण मोजणे ही दुसरी. ते मिलिलिटरमागे ३५० नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचल्याशिवाय औषध लागू पडत नाही असे म्हणणे घाईचे ठरते. बिडी-सिगारेटच्या धुरातील द्रव्ये यकृतातील एका विकराला चेतवून क्लोझापीनचा झपाट्याने निचरा करवतात. म्हणून दिवसाकाठी बंडलभर बिड्या ओढणारा रुग्ण इस्पितळात दाखल होऊन एकाएकी बिडी बंद करतो, तेव्हा तीच मात्रा त्याच्या रक्तात साठू लागते आणि तो दिवसभर झोपेत राहतो, लाळ गाळतो, क्वचित झटकाही येतो. तंबाखू चघळणाऱ्याला असे होत नाही, कारण हा प्रताप धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. काही माणसांच्या यकृतातील दुसरे एक विकर जन्मतःच निकामी असते. युरोपीय लोकांत असे शंभरात पाच ते दहा, आपल्याकडे याहून कमी. त्यांना रिस्पेरिडोनसारख्या औषधाची नेहमीची मात्राही बाधते. उन्मादात वापरल्या जाणाऱ्या कार्बामाझेपीनने क्वचित सर्वांगाची त्वचा सोलवटून निघते, आणि तो धोका एका विशिष्ट जनुकरूपाशी जोडलेला आहे हे २००४ साली तैवानमध्ये दिसून आले. ते रूप आशियाई लोकांत अधिक आढळत असल्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वीच ते तपासता येते.

लक्षणांना बाजूला सारून मेंदूच्या मोजमापांवरूनच रुग्णांची नवी वाटणी करण्याचा प्रयत्नही अमेरिकेत कॅरल टॅमिंगा, मात्चेरी केशवन प्रभृतींनी चालवला आहे. पडद्यावर डावीकडे ठिपका उमटताच नजर उजवीकडे न्यायची, अशी एक सोपी भासणारी कसोटी त्यांत आहे. निरोगी माणसाला थोडा प्रयत्न पडतो, अनेक रुग्णांची नजर मात्र वारंवार ठिपक्याकडेच ओढली जाते. अशा कसोट्या आणि मेंदूतील विद्युत्‌लहरींची मोजमापे यांवरून २०१६ साली त्यांनी रुग्णांचे तीन गट पाडले. स्किझोफ्रेनिया आणि द्विध्रुवी विकार, म्हणजे क्रेपेलिनचा तो दुसरा वर्ग, अशी दोन्ही निदाने तिन्ही गटांत विखुरलेली निघाली. क्रेपेलिनची भिंत मेंदूच्या पातळीवर उभी नाही, एवढा बोध यातून निश्चित होतो. या गटांवरून औषध निवडता येते का, हे मात्र अजून सिद्ध व्हायचे आहे.

या साऱ्या संशोधनातील एक मोठी उणीव आपल्याला थेट भिडणारी आहे. तपासलेल्या माणसांत युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा आहे, आणि त्यांच्यावरून काढलेला गुणांक इतरांना लावला की तो लंगडा पडतो. आपल्या देशात शतकानुशतके जातीतल्या जातीत विवाह होत आल्यामुळे जनुकांची ठेवण जातिसमूहागणिक बदलते. जीनोम इंडिया या प्रकल्पाने दहा हजार भारतीयांची जनुकसंहिता वाचून पाया घातला आहे. त्यावर मनोविकारांच्या भारतीय रुग्णांचा मोठा अभ्यास उभा राहणे ही आता तातडीची गरज आहे, आणि त्यासाठी सरकारने स्वतंत्र तरतूद करावी.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना माझी विनंती आहे. पहिल्या झटक्याच्या वेळी डॉक्टरांना सर्व तपशील सांगा: आजार काही दिवसांतच झपाट्याने वाढला काय, ताप, झटके किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली होत्या काय, बालपणी हृदयाचा किंवा टाळूचा दोष होता काय, आहार पूर्ण शाकाहारी आहे काय, कारण ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो आणि तो अभाव साध्या इंजेक्शनने भरून निघतो. बिडी-सिगारेट सुरू केली वा सोडली तर तेही कळवा, आणि क्लोझापीन चालू असेल तर रक्ततपासणीची तारीख चुकवू नका. विवाह जुळवताना किंवा मोडताना मात्र जनुकांच्या गुणांकाचा दाखला मागू नका; रुग्णाच्या सख्ख्या भावंडांपैकी दहात नऊ जणांना हा आजार कधीही होत नाही.